'तऱ्हेवाईक' ही शाबासकी की टपली? (दे माइट बी जायंट्स)

खोडरबर

हा धागा काढायचं किती दिवस डोक्यात होतं, पण लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत गाडी अडायची, कारण दे माइट बी जायंट्स ह्या बँडमधल्या दोघांबद्दल लिहिताना जगभर जो शब्द वापरतात त्याच शब्दाशी माझं वाकडं आहे. तऱ्हेवाईक. कुठलंही परीक्षण उघडा, कौतुक असतं, भरभरून असतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात तऱ्हेवाईक, चक्रम, गमतीशीर असलं काहीतरी येतं आणि मग संपलंच. वाचणाऱ्याला वाटतं, बरं, विनोदी गाणी म्हणणारे कुणीतरी चष्मिष्ट दिसतायत, एखादं ऐकू, हसू, सोडून देऊ. मीही तेच केलं होतं. पाच-सहा वर्षं एकच गाणं ऐकून 'हो हो, माहितीयेत मला ते' म्हणत फिरायचो.

ज्यांना अजिबात माहिती नाही त्यांच्यासाठी पटकन. जॉन फ्लान्सबर्ग आणि जॉन लिनेल, दोघंही जॉन. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन गावचे, शाळेपासूनची ओळख, मग ब्रुकलिनला एकाच बिल्डिंगमध्ये राहायला आले आणि १९८२ पासून एकत्र वाजवायला लागले. फ्लान्सबर्गकडे गिटार, लिनेलकडे ॲकॉर्डियन आणि कीबोर्ड. ड्रमर नाही, त्याच्या जागी ड्रम मशीन आणि बाकीचं सगळं टेपवर. म्हणजे स्टेजवर दोन माणसं आणि एक टेप रेकॉर्डर, एवढाच बँड. १९८६ ला पहिला अल्बम, बँडच्याच नावाचा, एका छोट्या कंपनीकडून. रॉबर्ट क्रिस्टगाउ नावाचा न्यूयॉर्कचा समीक्षक शाळामास्तरासारखे अल्बमांना ग्रेड द्यायचा, त्यानं ह्याला सरळ ए देऊन टाकला. १९८८ ला 'लिंकन', मग मोठ्या कंपनीशी करार आणि १९९० ला 'फ्लड', जो बहुतेकांना माहिती असतो.

आता माझा मुद्दा. पहिल्या अल्बमवर 'डोन्ट लेट्स स्टार्ट' म्हणून गाणं आहे, ह्याच्याच व्हिडिओनं ते एमटीव्हीवर पोचले. चाल अशी की पाय आपोआप हलायला लागतो, एकदम उड्या मारणारी, आणि मधे लिनेल त्याच उड्या मारणाऱ्या चालीत गाऊन जातो की जगातला प्रत्येक माणूस निराश आणि दुःखी होऊनच मरतो आणि ते सुंदर आहे. आवाज खाली येत नाही. वाद्यं थांबत नाहीत. आता काहीतरी गंभीर येतंय बरं का, अशी कुठलीही खूण नाही. ड्रम मशीनची टकटक चालूच, ओळ आली, ओळ गेली. मी पहिल्यांदा भांडी घासत ऐकत होतो आणि हातातला तवा तसाच धरून उभा, की हा आत्ता काय म्हणाला?

ही जी पद्धत आहे ना, ती ह्यांची खरी कमाई आहे असं मला वाटतं. दुःखाला दुःखाचे कपडे घालायचे नाहीत. 'लिंकन'वर तुटत चाललेल्या जोडप्याचं एक गाणं आहे, क्रेनचं, त्यात सगळी भाषा इमारती पाडायची आहे, की हे नातं जे काही उभं राहिलं होतं ते आता उतरवायला क्रेन लागणार. ऐकायला गोड पॉप आहे, आणि आत दोन माणसं एकमेकांना टाकून बोलतायत, बिल कुणी भरायचं ह्यावर आलेली माणसं बोलतात तसं. त्याच अल्बमवर आणखी एक, की तुमची नजर जिथे पोचत नाही तिथे एक घाणेरडं बुजगावणं उभं आहे आणि तुम्ही नकळत जे जे करता त्याची ते नक्कल करतंय, तुम्ही वळून बघितलंत की ते पुन्हा तुमच्या मागे. हे ऐकून झोपा शांत.

तर प्रश्न असा की ह्याला तऱ्हेवाईक म्हणणं हे कौतुक आहे का? का 'हुशार आहे हो पोरगं, जरा वेगळंच आहे' म्हणत टपली मारून बाजूला सारणं आहे? मला दुसरं वाटतं. बोला.

फुलपात्र

मस्त लिहिलंय! मी ह्यांच्यापर्यंत कार्टूनमधून पोचले, टायनी टून्समध्ये ह्यांची दोन गाणी होती, 'इस्तंबूल' आणि ते 'पार्टिकल मॅन'. तेव्हा ही कुणाची गाणी आहेत, बँड म्हणजे काय, काही पत्ता नव्हता, फक्त तो त्रिकोण येऊन सगळ्यांना बडवतो एवढं आठवत होतं. आणि 'इस्तंबूल' त्यांचं नाहीच मुळी, १९५३ चं फोर लॅड्सचं गाणं आहे, हे तर मला मागच्या वर्षी कळलं 😄

आळशी_अस्वल

मी जरा पाण्यात दगड टाकतो, रागावू नका.

खोडरबर, तुम्ही निवडक ओळी काढून दाखवल्यात, त्या चांगल्या आहेत, मान्य. पण सलग एक अल्बम ऐका ना. एक तर दोघांचे आवाज नाकातले. दुसरं म्हणजे दर दोन मिनिटांनी नवीन कल्पना, नवीन गंमत, शब्दांवर कोटी, मग पुढचं गाणं. माणूस दमतो. लग्नात एखादा काका असतो ना जो सतत कोट्या करतो, त्यातल्या चारपैकी एक खरंच भारी असते, पण तुम्ही मात्र त्याच्यापासून दोन खुर्च्या लांबच बसता. तसं वाटतं मला. हुशारी दिसणं आणि गाणं लागणं ह्यात फरक आहे. पार्टिकल मॅन घ्या. पार्टिकल मॅन, ट्रँगल मॅन, युनिव्हर्स मॅन, पर्सन मॅन. बरं, मग? त्यात काय आहे? लोकांनी त्याचे अर्थ लावून लावून, देव विरुद्ध विज्ञान काय, माणसाची हतबलता काय, अक्षरशः पीठ पाडलंय. मला वाटतं त्यात काही नाहीये. आणि समीक्षकांना असं काही नसलेलं फार आवडतं कारण मग त्यांना हवं ते भरता येतं.

सा_नि_सा

अस्वलराव, पार्टिकल मॅनबद्दल तुमच्याशी निम्मा सहमत, पण 'हुशारी दिसते, गाणं लागत नाही' ह्याला माझा साफ विरोध. एकच उदाहरण देतो आणि ते शब्दांचं नाही, सुरांचं.

'बर्डहाऊस इन युअर सोल' सगळ्यांनी ऐकलंय असं धरतो, 'फ्लड'मधलं, ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, आणि हे लक्षात घ्या की हे गाणं एक रात्रीचा दिवा म्हणतोय. भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचा, निळ्या पक्ष्याच्या आकाराचा छोटा दिवा. तो खोलीत झोपलेल्या माणसाला सांगतोय की मी तुझा मित्र आहे, मी तुझ्यावर लक्ष ठेवून आहे. इथपर्यंत ठीक, गंमत.

आता मी हे पेटीवर बसवायला घेतलं. वाटलं पॉप गाणं आहे, चार कॉर्ड असतील, अर्ध्या तासात होईल. अहो सा धरायचा कुठे तेच कळेना! एका ओळीपुरता हाताखाली बसतो न बसतो तोवर पट्टी सरकलेली. पुन्हा शोधला, पुन्हा सरकला. ध्रुवपद आणि कडवं वेगवेगळ्या पट्टीत आहेत एवढं असतं तरी चाललं असतं, तसं पुष्कळ जण करतात, पण हा माणूस कडव्याच्या मधेच घर बदलतो आणि ऐकताना तुम्हाला कळतसुद्धा नाही, कारण वरची चाल इतकी सरळ, इतकी गुणगुणण्यासारखी की ती तुमचा हात धरून नेते. दोन रविवार गेले माझे. आता खोटं वाटेल, पण ज्या गाण्यात गायकाला पाय टेकायला जागा नाही ते गाणं 'घाबरू नकोस, मी आहे' असं सांगतंय, हे कळलं तेव्हा मला ते लागलं. नुसत्या हुशारीनं हे होत नाही. हे ज्याला करता येतं तो कुठल्याही भाषेत संगीतकार म्हणून वरच्या रांगेत बसेल.

नाकातल्या आवाजाबद्दल: हो, आहे नाकातला. घुमारा काढलेला आवाज हे गाणं गायला असता तर ते भक्तिगीत झालं असतं.

खोडरबर

सा_नि_सा, दंडवत घ्या. हे मला लिहिता आलं नसतं, मला नुसतं 'काहीतरी होतंय' एवढंच कळायचं.

अस्वल, लग्नातला काका आवडला, वापरणार आहे. सलग अल्बम ऐकून दमायला होतं हे खरंच आहे आणि मी नाकारत नाही, 'फ्लड'वर १९ गाणी आहेत आणि त्यातली चारेक मी आजही पुढे ढकलतो. पण पार्टिकल मॅनमध्ये काही नाही हे तुम्ही दोष म्हणून सांगताय, मला तो दोष वाटत नाही. अडगुलं मडगुलंमध्ये तरी काय आहे. त्यात पर्सन मॅन म्हणून जो आहे तो कचऱ्याच्या डब्यात राहतो आणि त्रिकोण येऊन त्याला हरवतो, आणि युनिव्हर्स मॅनच्या घड्याळाला मिनिटकाटा आहे, हजार वर्षांचा काटा आहे आणि युगाचाही काटा आहे. त्या घड्याळापुढे मी दर वेळी एक क्षण थांबतो. अर्थ लावायचा नाही. नुसतं बघायचं, केवढं घड्याळ असेल ते.

जुनी_कॅसेट

इतका वेळ डायल-ए-साँगचा विषय कुणीच कसा काढला नाही?? माझ्या मते ह्या बँडची सगळी किल्ली तिथे आहे.

सुरुवातीच्या दिवसांत एकदा काय झालं, फ्लान्सबर्गच्या घरी चोरी झाली आणि त्याच सुमारास लिनेलचं सायकलवरून पडून मनगट मोडलं, तो सायकलवरून टपाल-पाकिटं पोचवायचं काम करायचा. म्हणजे एकाचं सामान गेलं, दुसऱ्याचा हात गेला, कार्यक्रम बंद. मग ह्यांनी काय करावं, तर घरच्या फोनला जे निरोप ठेवायचं आन्सरिंग मशीन असतं त्यावर गाणी टाकायला सुरुवात केली. नंबर फिरवा, एक गाणं ऐका, ठेवा. उद्या दुसरं गाणं. व्हिलेज व्हॉइस ह्या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात छोटी जाहिरात द्यायचे आणि त्यात मखलाशी अशी की ऑफिसमधून फोन केलात तर फुकट 😂

आता विचार करा. मशीन एक, लाइन एक. म्हणजे एका वेळी जगातला एकच माणूस ते गाणं ऐकू शकतो. बाकीच्यांना एंगेज टोन. हजारोंच्या स्टेडियममध्ये वाजवणाऱ्या बँडांच्या काळात ह्यांचा कार्यक्रम एका श्रोत्याचा, तो पण घराच्या किंवा ऑफिसच्या कोपऱ्यात कानाला रिसीव्हर लावून उभा. आणि फोनचा आवाज कसा असतो माहितीये, बास नाही, वरचे सूर नाहीत, सगळं मधल्या पट्ट्यात दाबलेलं. त्यात काय ऐकू येतं? शब्द आणि चाल. बाकी काही टिकतच नाही. मला कायम वाटत आलंय की ह्यांची गाणी इतकी आटोपशीर, इतकी शब्दप्रधान, दोन-अडीच मिनिटांत आटपणारी का, ह्याचं निम्मं उत्तर त्या मशीनमध्ये आहे. समोरचा कधीही फोन ठेवू शकतो. आलाप घ्यायला वेळच नाही.

आणखी एक गंमत. ते मशीन निरोपही रेकॉर्ड करायचं ना, तर एकदा कुणीतरी बाई आपल्या मैत्रिणीबरोबर तिघांच्या लाइनवर हे ऐकत होती आणि गाणं संपल्यावर दोघी बोलत राहिल्या, मशीन चालूच. एकीला काही कळेना की हे कोण, का, कशासाठी, आणि ह्यातून ह्यांना पैसे कसे मिळतात. त्या दोघांनी ते बोलणं तसंच्या तसं रेकॉर्डवर टाकलं. माझ्या मते ह्यांच्यावरचं आजवरचं सर्वोत्तम परीक्षण तेच.

२०१५ ला पुन्हा सुरू केलं होतं डायल-ए-साँग, वर्षभर दर आठवड्याला एक नवीन गाणं. पन्नाशी उलटलेली माणसं हो ती.

टिंबटिंब

वाचतेय. लिहिण्यासारखं काही नाही पण हा धागा वर राहू दे.

दुपारचा_चहा

मी उलट्या बाजूनं आले. मुलीसाठी गाणी शोधत होते. ह्या दोघांनी लहान मुलांसाठी वेगळे अल्बम केलेत, २००२ ला पहिला, मग अक्षरांचा, आकड्यांचा (आकड्यांच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं), आणि २००९ ला विज्ञानाचा. माझी भीती अशी होती की मुलांची गाणी म्हणजे तो विशिष्ट लाडिक आवाज, टाळ्या, 'चला बालमित्रांनो'. तसं काहीही नाही. मोठ्यांसाठी गातात त्याच आवाजात गातात, फक्त मरणाबिरणाच्या ओळी नसतात. (बहुतेक नसतात.)

विज्ञानाच्या अल्बमवर जे झालं ते सांगते, कारण तऱ्हेवाईक ह्या शब्दावरचं माझं उत्तर ते आहे. त्यात सूर्यावरचं एक गाणं आहे, मूळ १९५९ च्या एका शैक्षणिक रेकॉर्डवरचं, हे लोक ते कित्येक वर्षं कार्यक्रमांत म्हणत होते. त्यात सूर्य म्हणजे तापलेल्या वायूचा गोळा असं म्हटलंय. आता ह्यांनी ते मुलांच्या अल्बमवर घेतलं, आणि लगेच त्याच्या पुढच्या ट्रॅकवर नवीन गाणं लिहून टाकलंय, की आधीच्या गाण्यात सांगितलेलं बरोबर नाही, सूर्य वायू नाही, प्लाझ्मा आहे, पदार्थाची चौथी अवस्था. म्हणजे स्वतःच्याच अल्बमवर स्वतःच्याच गाण्याला शुद्धिपत्रक जोडलंय, आणि ते शुद्धिपत्रक आधीच्या गाण्याइतकंच नाचण्यासारखं आहे!

माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ती दोन्ही गाणी लागोपाठ लावायची आणि पहिल्याच्या वेळी चेहऱ्यावर असा भाव की बोला बोला, आता तुमची चूक निघणारच आहे. मोठी माणसं चुकतात, मग सांगतात की चुकलो, आणि त्यात रडण्यासारखं काही नसतं, उलट त्याचं गाणं होतं, हे तिला मी कधी समजावून सांगितलं नव्हतं. आता ती पंधराची आहे, मला येताजाता दुरुस्त करत असते, तो भाग जरा जड जातोय.

आळशी_अस्वल

बरं. बर्डहाऊस पुन्हा ऐकलं. तीनदा. सा_नि_सा, तुम्ही सांगितल्यावर ते सरकणं ऐकू यायला लागलं आणि आता ऐकू येणं थांबत नाहीये, त्याबद्दल आभार मानू की शिव्या देऊ.

शुद्धिपत्रक प्रकार मात्र खरंच भारी आहे, हा माहिती नव्हता.

तरीही माझी मूळ तक्रार सोडत नाही. 'फिंगरटिप्स' घ्या. १९९२ च्या 'अपोलो १८' वर. पाच-पाच, दहा-दहा सेकंदांचे २१ तुकडे, प्रत्येकाला वेगळा ट्रॅक नंबर. म्हणून त्या सीडीवर एकूण ३८ ट्रॅक. हा काय प्रकार आहे? गाणी पूर्ण करायचा कंटाळा आला म्हणून शेपटं गोळा करून दिली आणि समीक्षक म्हणाले वाहवा काय प्रयोग. इथे तरी मान्य करा की हा चावटपणा आहे.

टिंबटिंब

आता लिहिण्यासारखं सापडलं!

अस्वल, चावटपणा तर आहेच, पण कशासाठी होता ते बघा. पूर्वी अमेरिकन टीव्हीवर गाण्यांच्या संग्रहांच्या जाहिराती असायच्या, त्यात दर गाण्याचा फक्त मुखडा ऐकवायचे, एक ओळ, कट, दुसऱ्या गाण्याची एक ओळ, कट. म्हणजे तुम्हाला अस्तित्वात असलेल्या गाण्यांचे फक्त तुकडे माहिती. ह्यांनी उलटं केलं, जी गाणी अस्तित्वातच नाहीत त्यांचे तुकडे बनवले. आणि सीडीवर लिहून ठेवलं की ही रचना प्लेअरच्या शफल मोडसाठी आहे. शफल लावलं की दोन नेहमीच्या गाण्यांच्या मधे अचानक कुणीतरी सहा सेकंद येऊन ओरडून जातं की ती निळी वस्तू इथे काय करतेय, आणि गायब. १९९२ मधे! आज सगळं जगच शफलवर ऐकतं, तेव्हा सीडी प्लेअरवरचं ते बटण बहुतेकांनी एकदा दाबून सोडून दिलेलं असायचं, आणि ह्या दोघांना वाटलं की ह्या बटणासाठी कुणीतरी संगीत लिहायला हवं.

एक करा, ३८ ट्रॅक शफलवर लावा आणि घरातली दुसरी कामं करा. सलग बसून ऐकू नका.

अवांतर: तेच वर्ष आंतरराष्ट्रीय अंतराळ वर्ष होतं आणि ह्यांना त्याचे संगीतदूत नेमलं होतं. नाव 'अपोलो १८', जे यान कधी गेलंच नाही.

फुलपात्र

शब्दाबद्दल: मला वाटतं आपण 'छांदिष्ट' विसरतोय. तऱ्हेवाईकमध्ये माणूस विचित्र वागतो एवढंच येतं, चक्रममध्ये तर त्याचं डोकंच फिरलेलं. छांदिष्टमध्ये छंद आहे, म्हणजे नाद पण आला आणि वृत्त पण आलं. एकदा नाद लागला की तो शेवटास नेणारा माणूस. ११ वा अमेरिकन राष्ट्राध्यक्ष जेम्स पोक ह्याच्यावर गाणं, ते पण टिंगल नाही, चार गोष्टी करीन म्हणाला, चारही केल्या आणि दुसऱ्यांदा उभा राहिला नाही, हा सगळा इतिहास यमकांत बसवून, वर करवतीवर वाजवलेले सूर. हे छांदिष्ट माणूसच करतो. विचित्र दिसायची हौस असलेला माणूस पहिल्या कडव्यातच कंटाळेल.

खोडरबर

फुलपात्र, शब्द मिळाला! शीर्षक बदलायची सोय असती तर आत्ता बदललं असतं.

सा_नि_सा

छांदिष्टला माझं अनुमोदन. पण इथे सगळे नुसती आरती ओवाळतायत म्हणून एक तक्रार मीही नोंदवतो. १९९४ च्या 'जॉन हेन्री'पासून ह्यांनी पूर्ण बँड घेतला, खराखुरा ड्रमर, बास, सगळं. (जॉन हेन्री म्हणजे अमेरिकन लोककथेतला हातोडेवाला, वाफेच्या यंत्राशी शर्यत लावून जिंकतो आणि जिंकल्यावर मरतो. ड्रम मशीन काढून माणूस आणला म्हणून हे नाव. अशा वेळी काय बोलणार ह्यांना.) आवाज भरदार झाला, मैफिली रंगायला लागल्या असतील, पण त्या जुन्या मशीनच्या ठेक्यात एक गोष्ट होती ती गेली. मशीनला दया नसते. तुम्ही वर काहीही गा, रडा, ते तसंच टकटक करणार. खोडरबरनी धाग्यात लिहिलंय ना, ओळ आली, ओळ गेली, ड्रम मशीन चालूच, ते माणूस वाजवत असता तर त्यानं त्या ओळीला किंचित हात आवरला असता. वादक म्हणून सांगतो, आवरल्याशिवाय राहवतच नाही. आणि तिथेच मजा गेली असती.

जुनी_कॅसेट

सा_नि_सा, तक्रार पटली, पण सुरुवातीला फक्त मशीनच होतं असं नाही. एका गाण्यासाठी फ्लान्सबर्ग स्टेजवर एक मोठी झाडाची फांदी घेऊन यायचा आणि माइकसमोर जमिनीवर ठोकायचा. तेच तालवाद्य. फांदीला दया होती की नाही ते तुम्ही सांगा.

खोडरबर

फांदी 😂

यंत्राचा विषय निघालाच आहे तर माझ्याकडचं शेवटचं. १९९६ च्या 'फॅक्टरी शोरूम'वर एक गाणं त्यांनी न्यू जर्सीत एडिसनच्या प्रयोगशाळेत जाऊन मेणाच्या सिलिंडरवर रेकॉर्ड केलंय. वीज नाही, माइक नाही. कर्ण्यासमोर उभं राहून मोठ्यानं गायचं, सुई मेणावर चरे पाडत जाते, झालं रेकॉर्डिंग. अल्बममधे बाकीची गाणी स्वच्छ, चकचकीत स्टुडिओतली, आणि मधेच हे येतं, खरखर, पावसासारखी, आणि तिच्यापलीकडे कुठेतरी लांब दोन माणसं गातायत. गाणं कशाबद्दल? विमानातून केलेल्या फोनवरचं बोलणं आणि असलीच नीट ऐकू न येणारी यंत्रं. म्हणजे आजचं प्रत्येक यंत्र माणसाचा आवाज कसा चिरकट करून पोचवतं ते शंभर वर्षं जुन्या यंत्रावर, त्याहून चिरकट करून. आणि म्हणणं एवढंच की तुला माझं ऐकू येत नसेल कदाचित, पण मला तुझं येतंय.

ह्याच्यानंतर तीन वर्षांनी, १९९९ ला, त्यांनी एक आख्खा अल्बम फक्त एमपीथ्रीमध्ये काढला, सीडी नाही, कॅसेट नाही, जेव्हा बऱ्याच जणांना एमपीथ्री म्हणजे काय तेही माहिती नव्हतं. आन्सरिंग मशीन, मेण, शफलचं बटण, एमपीथ्री. नवीन डबा दिसला की ह्यांना आधी हे बघायचं असतं की ह्यात गाणं ठेवलं तर ते कसं वाकतं.

दुपारचा_चहा

मेणाच्या सिलिंडरचं गाणं आत्ता ऐकलं. मुलगी म्हणाली कनेक्शन खराब आहे का.

आळशी_अस्वल

तर टिंबटिंबनी सांगितल्याप्रमाणे रविवारी 'अपोलो १८' शफलवर लावून कपाट आवरायला घेतलं. पहिली वीस मिनिटं वैताग. मग एक तुकडा असा आला की मी हँगर हातात घेऊन मागे वळून बघितलं, खोलीत कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं. ठीक आहे. मान्य. चावटपणा आहे पण चालतोय.

पण मला हरवलं ते दुसऱ्याच गाण्यानं, ते तुम्ही कुणी सांगितलंच नाहीत. ॲप आपोआप पुढचं लावत गेलं त्यात आलं, 'ओल्डर', २००१ च्या अल्बमवरचं. गाण्यात फक्त एवढंच आहे की तू आजवर कधीच इतका म्हातारा नव्हतास, आणि आता त्याहून जास्त झालास. आणि आता त्याहून. बस्स, हेच फिरवून फिरवून. मी हसलो, म्हटलं ही घ्या पुन्हा एक कोटी, काका आले. मग गाता गाता तो म्हणतो 'टाइम', आणि सगळं थांबतं. ढोल नाही, काही नाही. मला वाटलं नेट गेलं. फोन उचलला, बघितलं तर खालची पट्टी सरकतेय, सेकंद पुढे चाललेत, आवाज नाही. म्हणजे मी चक्क उभं राहून माझा वेळ जाताना बघत होतो, आकड्यांत. आणि मग तो वाक्य पुरं करतो.

कपाट अर्धंच राहिलंय. 'लिंकन' कुठून ऐकायला सुरू करू, क्रमानं की आधी ते बुजगावणं?

खोडरबर

क्रमानं. बुजगावणं रात्री नको.